कावळा शिवला

शनिवार, १२ ऑगस्ट १९८९
पोचलो एकदाचे! लेस्टरहून अकरा तास. शेवटचे चार मैल तर डांबरही नाही, आणि एका ठिकाणी गाडी चक्क ओढ्यातून काढावी लागली. राजीव भावोजी आणि माझा नवरा विष्णू दर ऑगस्टमध्ये स्कॉटलंडच्या या नदीवर मासे धरायला यायचे. बायकांना कधी आणलं नाही. (विष्णूला समोर मी ‘अहो’च म्हणायचे; वहीत नाव घेता येतं.) विष्णूला जाऊन आता वर्ष झालं. भावोजींची बायको वीणा म्हणाली, यंदा आपण दोघीही जायचं.
तंबूची खुंटी ठोकताना माझा हातोडा भावोजींच्या अंगठ्यावर बसला. म्हणाले, वहिनी, सर्जनचा हात आहे, जपून! किती दिवसांनी मी पोट धरून हसले.
एकवीस तारखेला लायब्ररीतली नोकरी सुरू. पंचेचाळिसाव्या वर्षी पहिली. विष्णू असता तर ‘नको’ म्हणाला असता.

रविवार, १३ ऑगस्ट
रविवारी इथे सामन मासे धरायला कायद्याने बंदी, म्हणून वर्षश्राद्ध आजच उरकलं. लेस्टरला दहाव्याला कावळा आलाच नव्हता. गुरुजींनी दर्भाचा करून भागवलं होतं. वीणाला ते टोचत होतं. स्टोव्हवर भात केला, पिंड नदीकाठच्या सपाट दगडावर ठेवला. इथले कावळेही आपल्याकडच्यासारखेच, करड्या अंगाचे. एक जवळच बसला, पण पिंडाकडे ढुंकून बघेना.
मी हात जोडून सांगत राहिले. आपल्या लेकीचं, रश्मीचं, शिक्षण पूर्ण करीन. पुण्याची जागा विकणार नाही. तुमचे कपडे कुणाला देणार नाही. दोन तास गेले. तो शिवल्याशिवाय जेवायचं नाही, आणि भावोजींना भूक आवरेना. शेवटी ते ओरडले, विष्ण्या लेका, हट्ट पुरे, वहिनींनाच पाठवतो तुझ्याकडे, मग तर झालं?
कावळा उठला, पिंडावर बसला आणि मोठा घास घेऊन गेला.
वीणा हसता हसता थांबली. भावोजी म्हणाले, चला, पानं घ्या.
माझं लग्न बाबांनी ठरवलं, इंग्लंड विष्णूने. शब्द दुसऱ्यांनी द्यायचा, पाळायचा मी.

सोमवार, १४ ऑगस्ट
सकाळी पलीकडच्या काठावर कुणीतरी पाण्यात उभं होतं. छातीपर्यंतची हिरवी रबरी विजार. विष्णूची तशीच एक आमच्या गराजमध्ये लटकते आहे. भावोजी म्हणाले, असेल कुणी गावातला.

मंगळवार
आज तो नदीच्या मध्यावर. गळ टाकत नाही, नुसता उभा. उजव्या गुडघ्यावर सायकलच्या ट्यूबचं ठिगळ. ते मी चिकटवलं होतं.
जेवताना वीणाने चार ताटल्या मांडल्या. विचारलं तर दचकली. चौथी उचलली, खाली ओलं होतं.

बुधवार
पुन्हा भात केला. कावळ्याला सांगितलं, तो शब्द माझा नव्हता, मी येणार नाही, मला नोकरी आहे. त्याने मान फिरवली.
भावोजींना म्हटलं, तुम्ही दिलात, तुम्हीच परत घ्या. म्हणाले, वहिनी, गंमत होती हो, शिकलेली माणसं आपण. घेतला नाही.
तो आता आपल्याच काठाला —

गुरुवार
पाऊस. भावोजींनी त्याला पाहिलं. थेट गाडीकडे गेले. तंबू तसाच टाकून निघालो.
ओढा फुगलाय. गाडी मधोमध बंद. दोघं ढकलायला उतरले, मला म्हणाले, तुम्ही बसा —

शेजारची सीट ओली. रबराचा वास —

भावोजी काचेतून बघतायत. माझ्याकडे नाही. माझ्या शेजारी. मी ओरडले, शब्द परत घ्या, आत्ता, मोठ्याने! त्यांनी तोंड उघडलं, आणि वीणाचा हात धरून काठाकडे —

गाडी हलतेय. कुणी ढकलत नाही तरी —

नाही. मी, सुमेधा, माझ्या तोंडाने सांगते, मी —