न कापलेली पानं

मास्तर, तुम्हाला जाऊन पुष्कळ वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा राग काही जात नाही. मी चौथीतून उठवलेला माणूस, पत्र लिहायची सवय नाही, चुका निघतील. पण आता छडी उगारायला तुम्ही नाही. माझा धाकटा मुंबईला बी.ए.ला आहे. विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून, जुनी पुस्तकं धुंडाळून जो विद्यार्थी सर्वांत चांगला निबंध लिहील त्याला तिथं बक्षीस असतं. ते यंदा त्याला मिळालं, आमच्या मिठागरांवरच्या निबंधाला. परवा रेवसच्या आगबोटीनं मुद्दाम सांगायला आला. ओटीवर बसून हसत म्हणाला, "बाबा, एक जुना सरकारी अहवाल होता, कोनी उघडलाच नव्हता. पानं छापखान्यातून आली तशीच कडेला जोडलेली. ग्रंथपालांनी सोता सुरी आनून दिली. म्हनले, कापा, कोणीतरी वाचतंय!" ऐकलं आणि मला तुमची छडी आठवली.

आठवतंय का तुम्हाला? दिपोटी साहेब शाळा तपासायला येणार म्हणून तुम्ही पुस्तकांच्या कपाटाचं कुलूप काढता. वर्षात तेवढा एकच दिवस ते निघायचं. आम्हा पोरांच्या हातात एकेक पुस्तक देता आणि दरडावता, "वाचतोय असं दिसलं पाहिजे. पान उलटायचं नाही." माझ्या पुस्तकाची पानं कडेला जोडलेली आहेत. आत डोकावलं तर जहाजाची शिडं दिसतात, खालचं जहाज दिसत नाही. शाळेतून परस्पर गवताला जायचं म्हणून माझ्या कमरेला विळा आहे. मी पान कापलं. साहेबांनी पुस्तक हातात घेतलं, बाकीच्या कडा पाहिल्या आणि विचारलं, "मास्तर, हे आजवर कोणी उघडलंच नव्हतं?" सगळे हसले, तुम्ही सर्वांत मोठ्यानं. साहेब होडीत बसेपर्यंत हसत होतात. मग छडी मोडेपर्यंत मारलंत. "मिठात राबणाऱ्यांना पुस्तक कशाला रे?" म्हणालात आणि पटावरून नाव काढलंत. माझा बा तुमच्यापुढे हात जोडून म्हणाला, "बरा झाला मास्तर, बांधावर मानूस कमीच हाय." साहेबांपुढे तुमची लाज त्या कुलपानं काढली होती, माझ्या विळ्यानं नाही. एवढं कळायला तुम्हाला आणखी किती शिकायला हवं होतं?

परवा मात्र मी मुलावरच खेकसलो, "मिठागर बगायला मुंबई कशाला पायजे? मागल्या दारी हाय ते!" त्याचा चेहरा उतरला. "बाबा, बक्षिसाच्या समारंभाला येनार ना?" म्हणाला. "बगू," म्हटलं. तो गेल्यावर बायको म्हणाली, "मेलेल्या मास्तराचा राग जित्या पोरावर काढा. शोभतंय तुमाला!"

उद्या सकाळची आगबोट. कोट शेजाऱ्याचा, बाह्या लांब. तिथं कोणी इंग्रजीत बोललं तर? जोडे दाराबाहेर काढायचे की घालूनच जायचं? माझ्यामुळे पोराला मान खाली घालावी लागली तर? निबंधही इंग्रजीत, त्यातलं अक्षर मला लागत नाही. हे सगळं मी तुमच्या नावावर मांडतो. पण एक गोष्ट तुमच्या नावावर मांडता येत नाही, म्हणून हा कागद कोणाला न दाखवता चुलीत घालीन. पोरानं सुरीची गोष्ट सांगितली तेव्हा मला आनंद झाला नाही. हेवा वाटला, पोटच्या पोराचा. उद्या त्याचं नाव पुकारतील तेव्हा टाळ्या मी वाजवीन. त्या मनापासून वाजतील की नाही, ते आत्ता मलाही सांगता येत नाही.