करवंदपाडा आरोग्य ग्रुप, ॲडमिन मी

३ नोव्हेंबर, सोमवार
सोसायटीच्या निवडणुकीत पडलो. पडलो म्हणजे पाडलं. इतकी वर्षं सेक्रेटरी म्हणून दिंडोशीच्या या बिल्डिंगसाठी झिजलो, आणि मतं दिली कुणाला, तर तळमजल्यावरच्या चंद्रप्रकाशला! ज्याला धड नोटीस लिहिता येत नाही. गेले उडत सगळे. यापुढे माझी सेवा खऱ्या गरजूंना. मागे आरेच्या जंगलात आदिवासी पाडे आहेत, तिथे डिजिटल आरोग्यजागृती करणार. माणिक म्हणाली, अहो, आधी स्वतःची शुगर तपासून या. बायकोला व्हिजन नसतं.

८ नोव्हेंबर, शनिवार
करवंदपाड्यावर जाऊन आलो. भाताची झोडणी चालू होती, तरी धाकू नावाच्या म्हाताऱ्याने खाट टाकून दिली, कोरा चहा पाजला. त्याचं एकच पालुपद, पाड्यापर्यंत गाडी येत नाही, आजारी माणूस न्यायचा कसा, आधी तेवढं बघा. मी समजावलं, बाबा, आरोग्य आता मोबाइलवर येतं. तो उठून परत झोडणीला लागला. पटलं असणार.
त्याचा मुलगा नितेश मॉलमध्ये सिक्युरिटीला आहे. त्याने व्हॉट्सॲप ग्रुपसाठी सगळ्यांचे नंबर दिले. नितेशची बायको रुक्मिणी, सातवा महिना, पहिलटकरीण. तिने विचारलं, ग्रुपवर काही विचारलं तर चालेल ना सर? म्हटलं, अगं, त्यासाठीच तर ग्रुप. चुणचुणीत आहे पोरगी. उद्या कुठे या कामाचं प्रेझेंटेशन द्यायचं झालं, तर हिचाच फोटो टाकीन.

१० नोव्हेंबर, सोमवार
वाट लागली. सकाळपासून ग्रुपवर काय वाट्टेल ते! कुणी खेकड्यांचा फोटो टाकतंय. कुणाची शेळी हरवलीय. धाकूने आवाजी मेसेज पाठवला, त्यात नुसता कोंबडा आरवतोय. याला काय आरोग्य म्हणायचं?
सोसायटीच्या ग्रुपवर केलं होतं तेच केलं. सेटिंग बदललं. मेसेज फक्त ॲडमिन टाकणार. ॲडमिन मी. शिवाय सूचना: ॲडमिनला वैयक्तिक फोन वा मेसेज करू नये. दुपारपर्यंत ग्रुप एकदम शांत. झकास.

१९ नोव्हेंबर, बुधवार
हात कसे धुवावेत, यावर व्हिडिओ. निळा कुर्ता घातला. शूटिंग माणिकने केलं, मधे तिचा अंगठा आलाय. सगळ्यांनी पाहिला. एक शंका नाही, एक तक्रार नाही! आमच्या बिल्डिंगमधल्या शिकलेल्या गाढवांना हे कधी जमलं नाही. वॉर्डातल्या एका संस्थेने पुढच्या महिन्यात भाषणाला बोलावलंय. विषय मीच सुचवला, 'तक्रारशून्य आरोग्य'.

४ डिसेंबर, गुरुवार
आजचा व्हिडिओ गरोदरपणातल्या धोक्याच्या लक्षणांवर. पायांवर सूज, सतत डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी. आवाज मुद्दाम कातर ठेवला. शेवटी म्हटलं, असं काही झालं तर मला ताबडतोब कळवा.
लगेच रुक्मिणीने व्हिडिओवर रडका चेहरा डकवला. मेसेज टाकता येत नसला तरी असली चिन्हं डकवता येतात. मग लोहाच्या गोळ्यांच्या व्हिडिओवर रडका चेहरा. मग हात धुण्याच्या व्हिडिओवरसुद्धा! हात धुण्यात रडण्यासारखं काय आहे? पण माझ्या बोलण्यात ते असणार.
कौतुकाने माणिकला दाखवलं. ती म्हणाली, अहो, पोरीला काही होत तर नाही ना, फोन लावा तिला. म्हटलं, तुला वक्तृत्व कशाशी खातात ते कळत नाही.
नितेशचे मिस्ड कॉल आलेत. फोन करू नये, असं स्पष्ट लिहिलंय. एकाचा उचलला की सगळे करणार. उचलला नाही.

७ डिसेंबर, रविवार
भाषणातल्या प्रेझेंटेशनसाठी फोटो काढायला पाड्यावर गेलो. धाकू अंगणात बसला होता. बस म्हणाला नाही. नितेश बाहेर आला. त्याने सांगितलं, गुरुवारी तिचे पाय टम्म सुजले, दिसेनासं झालं. सरांनी कळवा म्हटलंय, सर काहीतरी सांगतील, म्हणून घरचे तुमची वाट बघत बसले. संध्याकाळी तिला झटके आले. मग झोळी करून रस्त्यापर्यंत नेली, तिथून रिक्षाने हॉस्पिटलात. रुक्मिणी वाचली. बाळ पोटातच गेलं.
मी म्हटलं, अरे, तुम्ही व्हिडिओ नीट बघितला असतात तर... तेवढ्यात धाकू उठून उभा राहिला. मी निघालो.
घरी येईपर्यंत विचार केला. दोष तंत्रज्ञानाचा आहे. त्या चिन्हांमध्ये 'मदत हवी' असं एखादं चिन्ह नको? भाषणात हा मुद्दा घेईन.

११ डिसेंबर, गुरुवार
भाषण रद्द केलं. घसा बसलाय, असं कळवलं. माणिकला पाड्यावरचं सगळं सांगितलं, तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. जेवण टेबलावर ठेवते आणि आत जाते.
सकाळी ग्रुप सगळ्यांसाठी खुला केला. लिहिलं, 'सदस्यांनी आपल्या भावना मोकळेपणाने मांडाव्यात.' सगळ्यांनी वाचलं. चहा झाला, जेवण झालं, वामकुक्षी झाली. कुणी काही लिहिलं नाही. शिव्या तरी द्यायच्या!
संध्याकाळी एक मेसेज आला. रुक्मिणीचा.
'पोरगी होती सर.'
उत्तर लिहायला घेतलं. 'अत्यंत दुःखद' लिहिलं, खोडलं. 'आमच्या संपूर्ण टीमतर्फे' लिहिलं, खोडलं. टीम कुठली, मी एकटाच आहे. ती अजून काहीतरी टाइप करतेय असं वर दिसत होतं. मला भीती वाटली. खरंच भीती वाटली. ग्रुप परत बंद करून टाकला.
माणिकने आतून विचारलं, कुणाचा मेसेज होता? इतक्या दिवसांत पहिल्यांदाच बोलली. मी म्हटलं, कुणाचा नाही.