खिशातला जादा माइक

सोमवार, ४ मार्च
पुन्हा खरखर! तालमीत पहिलं कडवं संपेपर्यंत तीनदा. रविवारी ही अकरा वर्षांनी मंचावर गाणार, आणि बिनतारी माइक हटून बसलेला. आवाज सांभाळते ती हिची भाची. म्हणाली, "काका, कुणीतरी आपल्याच लहरीवर घुसतंय." संच जुना, लहर बदलायची सोय नाही, पण हिला हाच हवा – हात बसलाय ना! सगळ्यांचे फोन बंद करून डब्यात भरले. गिटारवाला म्हणाला, "माझं पोटही बंद करू का? तेही गुरगुरतंय."

मंगळवार, ५ मार्च
मी आपला पडद्याआड उभा. कोटाच्या आतल्या खिशात जोडीतला जादा माइक, चालू करूनच ठेवलेला. कुणाला सांगत नाही, हसतील. फार वर्षांपूर्वी ऐन गाण्यात हिचा माइक मेला आणि मला अंधारात जादाची कळ सापडेना. ही नुसती ओठ हलवत उभी! तो चेहरा अजून डोळ्यांपुढून जात नाही. तेव्हापासून कळ आधीच वर.

वेळ जावा म्हणून चौथीतली होडीची कविता ओठांतल्या ओठांत घोळवत असतो. मास्तर बोटानं फळ्यावर ठेका धरायचे, खडूची धूळ उन्हात तरंगायची... तिसरं कडवं काही केल्या आठवत नाही.

बुधवार, ६ मार्च
खरखर. भाची रडकुंडीला आली. हिनं गाताना स्वतःचा आवाज ऐकायचं कानातलं यंत्र काढून दूर ठेवलं. घरी आल्यावर जेवणाचं ताटही तसंच सरकवलं.

गुरुवार, ७ मार्च
दुपारी तालमीला निघता निघता चहाचा कप तसाच ठेवून म्हणाली, "अहो, रविवारचं रद्द करा."
"अगं, खरखर सापडेल की!"
"खरखरीचं नाही हो." मग फार हळू – "दोन गाण्यांमध्ये मी माइक बंद करते ना, तेव्हा कानातल्या यंत्रात कुणीतरी पुटपुटतं. भाचीला विचारलं, बाहेर काहीच ऐकू येत नाही म्हणते. आईचं असंच सुरू झालं होतं. आधी आवाज, मग आम्हालाही ओळखेना."
तिचा हात धरला.
"काय म्हणतो तो आवाज?"
"कुठलीशी होडी. 'होडी माझी रिकामी, वारा तिचा नावाडी'..."

माझा हात आपोआप कोटाच्या खिशाकडे गेला. काखेत कळसा! जोडीतले दोन्ही माइक एकाच लहरीवर, आणि दोन गाण्यांमध्ये भाची बंद करते ते फक्त बाहेरचे कर्णे. आणि चार दिवस ही त्या भीतीत एकटी. मग सांगितलं – सगळं, त्या मेलेल्या माइकपासून.

ती आधी हसली, मग डोळ्यांना पदर लावला. "म्हणजे तो मेला तुम्ही होतात!"
डोळे पुसून – "दोन कडव्यांवर का थांबता हो? मी रोज वाट बघायचे."

शुक्रवार, ८ मार्च
खिशातला माइक बंद. खरखर नाही. भाचीनं कोपरापासून हात जोडले – "काका, तुम्ही धन्य आहात!" ही मोकळ्या गळ्यानं गायली. मी पडद्याआड मुका. खिसा उगाच हलका वाटला.

रविवार, १० मार्च
हिला गायला भाचीनं दुसरा संच आणला, आणि ही चक्क तयार झाली. जुना माइक परत माझ्या खिशात – चालू! त्याची वाट आता फक्त हिच्या कानापर्यंत. हिनंच मागून घेतली. वर मला ताकीद – "गाणं चालू असेपर्यंत गप्प. टाळ्यांत बोला."
सात वेळा टाळ्या. सात वेळा होडी.