अक्का येईपर्यंत

७ जानेवारी १९५७, कळवा

आलो बुवा एकदाचा. ट्रंक, वळकटी आणि ही वही. वही अक्कानं टेंभी नाक्यावर घेऊन दिली. म्हणाली, रोज लिहीत जा, म्हणजे डोकं नको तिथे जाणार नाही. नको तिथे म्हणजे कुठे, ते तिलाही ठाऊक आणि मलाही. दोन वर्षं मी आकडा खेळत होतो. न्यूयॉर्कच्या कापसाचा भाव तारेनं मुंबईत येतो, त्याचा शेवटचा अंक कुठला येणार यावर पैसे लावायचे, बस. एवढ्याशा गोष्टीपायी ठाण्यातली नोकरी गेली आणि शेवटी अक्काची लग्नातली ठुशीसुद्धा मीच लांबवली. लिहितानाही लाज वाटते.

दाजी मला डोंबिवलीच्या घरात घ्यायला तयार नाहीत. अक्कानं त्यांना एका अटीवर कसंबसं राजी केलंय. होळीपर्यंत मी एक पैसा लावायचा नाही. होळीला ती स्वतः मला न्यायला येणार. लावला असेल तर माझं तोंड बघूनच ओळखेल, तशीच परत जाईल आणि पुन्हा कधी येणार नाही. अक्का बोलली की बोलली.

जागा मात्र झकास मिळाली. मालक काळुरामशेठ इथलेच आगरी, खाडीकाठी त्यांची मिठागरं आहेत. मला मिठावर मजुरी आणि मागच्या अंगणात खोली. बायजाकाकू, म्हणजे शेठची बायको, जेवायला वाढते. आज सुकटीचं कालवण होतं. तांदळाच्या चार भाकऱ्या हाणल्या. शेठ कौतुकानं बघत होते.

१६ जानेवारी

लाकडी फळीनं मीठ ओढायचं आणि रास करायची, हे काम. तळपायांना भेगा पडल्यात, त्यात खारं पाणी गेलं की आई आठवते. पण संध्याकाळी अंग असं मोडून येतं की आकड्याचा विचार करायलाही त्राण राहत नाही. बरंच आहे ते.

शेठ फार माया करतात. सकाळी मी तोंड धुवायला बसलो की ओट्यावर येऊन बसतात. नुसते बघत राहतात. त्यांना मूलबाळ नाही, लागला असेल जीव.

२ फेब्रुवारी

शेठनी मला नवा सदरा शिवला. घरावर नवी कौलंही चढली. यंदा मीठ काही एवढं पिकलेलं नाही, मग पैसा कुठून आला कोण जाणे. हल्ली सकाळी ओट्यावर शेठबरोबर गावातले आणखी तिघं-चौघं असतात. आज मला तीन शिंका आल्या, तर त्यातला एक जण चहा अर्धा टाकून उठला आणि स्टेशनाकडे पळत सुटला. हसूच आलं मला.

८ फेब्रुवारी

हसू कसलं आलं होतं मला.

बायजाकाकू बोंबील साफ करत होती. मान वर न करता म्हणाली, तू पहिल्या दिवशी चार भाकऱ्या खाल्ल्या, त्या दिवशी चौका आला. तेव्हापासून हे तुझ्यावरच लावतात, आणि एकदाही चुकलं नाही. तू जा बाबा इथून, असंही म्हणाली.

मला हा रोग नवा नाही. कल्याण स्टेशनाबाहेर एक वेडी बाई बसायची. ती डोकं किती वेळा खाजवते ते बघत मी दोन दोन दिवस तिच्यापुढे बसलेलो आहे. तिला काय वाटत असेल, हे तेव्हा मनातही आलं नाही. आज आलं.

१४ फेब्रुवारी

यांना फसवायचं ठरवलं. दिवसभर गोधडीत हात घालून पडून राहिलो. खाल्लं नाही, खोकलो नाही, कुणाला ओ दिली नाही. संध्याकाळी शून्य आलं. शेठनी शून्यच लावलेलं होतं.

गडीमाणसं आता पाया पडतात माझ्या. मला फार थकल्यासारखं झालंय.

२० फेब्रुवारी

शेठ म्हणाले, पोरा, तू मिठाव जाव नको, घरानच बस. अंगणात बारा माणसं होती. माझे घास मोजत होते.

ट्रंक उचलली आणि निघालो. कुणी अडवलं नाही. चालत शीळफाट्यापर्यंत गेलो. तिथे डोंबिवलीकडच्या गाडीची वाट बघत उभा होतो आणि हाताकडे लक्ष गेलं. डाव्या हाताची पाचही बोटं ताठ, उजव्याचं एक. मी ती तशी धरलेली नव्हती. मिटायला गेलो तर मिटेनात. दगडावर दाबली तरी नाहीत.

गाडी आली होती. मी चढलो नाही. सहा येतो का, ते मला बघायचं होतं. उन्हातान्हात परत कळव्याला आलो.

सहाच आला.

फेब्रुवारी संपत आला

तारीख घालत नाही आता. मी जेवायला गेलो की शेठ माझी ही वही उघडतात, काकूनं सांगितलं. ओळी मोजतात की काय —

पायाची बोटं हलतात. मी हलवत नाही.

सोमवार

आज डोळे उघडायच्या आधीच कळलं. जीभ आपली आपण टाळूवर आपटत होती. आठदा. आला आठच. मी लावले असते तर —

लावले नाहीत. अक्का, शपथ, लावले नाहीत.

बुधवार

सकाळपासून अंगातून काही नाही. बोटं गप्प. जीभ गप्प. शेठनी अंदाजानं दोनाचा दुवा लावला, आली नव्वी. त्यांचे बरेच गेले.

शुक्रवार

आजही नाही. अंगण रिकामं. शेठ म्हणाले, उद्यापासून मिठाव ये. सुटलो म्हणायचं. काकूला केवढा आनंद झाला.

मी मात्र हाताकडे बघत बसलोय. हल ना रे. एकदाच हल.

मंगळवार

मिठावर गेलो नाही. भिंतीवरची पाल किती वेळा — कावळा किती वेळा — काहीही धरलं तरी खरं येत नाही. नीट मोजत नाही मी. मध्येच लक्ष जातं. मजुरीचा रुपया मुठीत आहे. लावलेला नाही. नुसता धरलाय.

होळी

सकाळ. आतून कडी घातली, कुणी मध्ये बोलू नये म्हणून.

अक्का आली. दार वाजवतेय. दौलत, दौलत करतेय. आवाज किती दिवसांनी ऐकला. मी लावलेला नाही अक्का, रुपया इथेच आहे, तोंड बघ माझं. उठतोच —

तीन झाले. दार तीनदा वाजलं. आज स्पष्ट ऐकू येतंय, किती दिवसांत असं — चार. पाच. मध्ये उघडलं तर मोजणी मोडेल. ती थांबली की उघडतो. एवढंच.

सहा. रडतेय बहुतेक. काकू तिला काहीतरी सांगतेय.

वाजायचं थांबलं. सहा. नक्की ना? अक्का, अजून एकदा वाजव, म्हणजे खात्री —

पावलं. अंगणातून बाहेर चाललीत. सहावर थांबायचं की पावलंही धरायची? सात. आठ. फाटकाशी नऊ, आणि