पाण्यावरची काठी

बाबा,

तुम्ही गेलात तेव्हा मी तिसरीत होतो. पुढे शाळा काही झाली नाही. आता लढाऊ जहाजावर आहे, काठेवाडच्या किनाऱ्याबाहेर. पाकिस्तानशी लढाई जुंपून दुसरा आठवडा चाललाय. रेडिओवर रोज विमानांच्याच बातम्या. माझ्या शेजारी झोपणारा पंजाबी म्हणतो, विमानवाले लढतात, आपण नुसते डोलतो. मी म्हणतो, आधी तुझ्या पोटात जेवण ठरू दे, मग लढाईचं बोल.

माझं काम टेहळणीचं, दुर्बीण लावून पाणी बघत राहायचं. परवा सकाळी आमच्याच विमानाने कळवलं, पुढे पाण्यात काठीसारखं काहीतरी उभं आहे, पाणबुडीची नळी असावी. पाणबुडी वर बघायला तेवढीच नळी बाहेर काढते, आणि तिने आपल्याला आधी बघितलं की आपण संपलो. घंटा झाली, तोफा वळल्या, पाण्यात सोडायचे बॉम्ब तयार झाले. विमान डोक्यावर घिरट्या घालतंय. मी बघतो तर मैलभरावर खरंच काठी.

आणि एकदम मी लहान होऊन मिठबावला आपल्या होडीत बसलोय. जाळ्याच्या खुणेची काठी शोधताना भलतीकडे बोट दाखवतो, तुम्ही टपली मारता. "अरे, फेस काय बघतस? काठयेक बघ. लाट इली की मान घालता, लाट गेली की उठता. दोन घोट मारल्यार तुझो काको डुलता तशी."

ही काठी तशीच डुलत होती. नळी पाणी कापत सरळ गेली असती. म्हणजे खाली जाळं, आणि सकाळच्या धुरकटात कुठेतरी त्याची होडी. बॉम्ब पडले तर त्या होडीतली माणसं गेली. आणि माझं चुकलं तर आमचं जहाज गेलं.

मी ओरडलो, "साब, मच्छी का जाल है."

पहाऱ्यावरचे साहेब म्हणाले, "तुझे क्या मालूम?"

"मेरा बाप जाल डालता था, साब."

"पक्का?"

"पक्का, साब. टोकाला कोळी बांधतात तशी काळी चिंधी आहे," हेही मी माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं.

त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं आणि कप्तानाला कळवलं. बॉम्ब थांबले. आम्ही वळसा घालून जवळ गेलो, तर धुरकटातून होडी निघाली. तिघे जण. त्यातला म्हातारा उभा राहून आम्हाला गुजरातीत शिव्या देत होता, कारण जाळ्याचं एक टोक आमच्या जहाजाच्या पंख्याने कापलं होतं. पंजाबी म्हणाला, दुश्मन तोंडाचा फार तिखट आहे.

साहेबांनी माझी पाठ थोपटली, नजर तेज आहे म्हणाले. मी सलाम ठोकला. बाबा, मैलभरावरून दुर्बिणीतूनही चिंधी दिसते होय कुणाला? पण काठी मान घालते म्हणून सांगितलं असतं, तर कोण थांबलं असतं? पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा तेच सांगेन. इथली पत्रं टपालात जाण्याआधी साहेब लोक वाचतात, म्हणून हे माझ्या पेटीतच राहील. जवळून जाताना मी बघितलं, काठी बोडकी होती. साहेब तेव्हा म्हाताऱ्याकडे बघत होते.