वळवणाऱ्याला काय मिळतं

शनिवार, ८ सप्टेंबर

चेंडू बगलेत मारून आमच्या डाव्या कडेनं गेला. तोच पोरगा, तीच बाजू, चार वेळा. चौथ्या वेळी तर त्यानं जोरात पळायचेही कष्ट घेतले नाहीत. उघड्या दारातून कोंबडी शिरावी तसा शिरला आणि शेवटची रेषा ओलांडून गेला. ३४–१०, हरलो.

त्या डाव्या कडेला उभा कोण? माझा नातू. जेरेल, कॉलेजच्या फुटबॉल संघात नंबर एक्क्याण्णव, आमचा हातात चेंडू घेऊन पळायचा अमेरिकन फुटबॉल. तीन वर्षांचा होता तेव्हापासून मी वाढवलाय. आता अडीचशे पौंडांचा झालाय, आणि त्याच्या बगलेतून माणसं जातात.

वर्डेल म्हणाली, "ऑरलीन, तुझा नातू दार उघडं टाकून जातो कुठं गं? स्वयंपाकघरात?" वर्डेल चर्चमध्येही माझ्या शेजारी बसते आणि स्टेडियममध्येही. साठ वर्षं. कोणत्या पापाबद्दल ते देव सांगत नाही.

ही वही दवाखान्यातल्या नर्सनं रक्तदाब लिहायला दिली आहे. १६२. झालं लिहून. उरलेली पानं माझी.

सोमवार, १० सप्टेंबर

१५८.

काल जेरेल जेवायला आला होता. हातपाय धुवायच्या आधी फोन पुढे केला. हेल्मेटचा फोटो. त्यांच्या कॉलेजात चेंडू घेऊन पळणारा माणूस पाडला की कोच हेल्मेटवर गांधीलमाशीचं एक चित्र चिकटवतो. संघाचं नावच गांधीलमाश्या. "आजी, शनिवारच्या तीन!"

"आणि निसटले किती?"

त्यानं मक्याचा पाव मोडला आणि भाजीच्या पाण्यात बुडवला.

तरी तीन करंज्या तळल्या, पीचच्या. आठ वर्षांचा होता तेव्हापासूनचा आमचा रिवाज. जितके पाडले तितक्या करंज्या. हरलो म्हणून रिवाज मोडायचा नसतो.

शनिवार, २२ सप्टेंबर

४१–१७. कडेनं. पुन्हा कडेनं. मधून कोणी गेलं नाही, मध्ये आमची पोरं भिंतीसारखी. पण भिंत बांधून अंगण उघडं ठेवलं तर भिंतीचं लोणचं घालायचं का?

रेडिओवाला म्हणतो, आपल्या पोरांना वेग कमी पडतो. कोच म्हणतो, मन लावत नाहीत. हे उंटावरून शेळ्या हाकणारे. वेग कमी नाही. जेरेल सात वर्षांचा असताना माझ्या हातातल्या छडीपुढे कसा पळायचा ते मी पाहिलंय.

रक्तदाबाचा आकडा घेतला नाही. कशाला उगाच.

सोमवार, २४ सप्टेंबर

झोपेतून उठले तर अॅन्सेल आठवत होता. माझा थोरला भाऊ, गेला बिचारा.

दर नोव्हेंबरात बाप डुकरं एका कुंपणातून दुसऱ्या कुंपणात हाकायचा, मारायच्या आधी. आम्ही पोरं दोन्ही बाजूंना उभी. ओढ्याच्या कडेला अॅन्सेल. बाप त्याला बजावायचा, "तुला डुक्कर पकडायचं नाही. तू फक्त बाहेर उभा राहा, हात पसर आणि आत वळव. पकडायला आम्ही आहोत." एका वर्षी अॅन्सेलनं मोठं नर डुक्कर पाहिलं आणि झेप घेतली. गावात नाव होईल म्हणून. डुक्कर त्याला हुलकावणी देऊन गेलं आणि मागची अकरा त्याच वाटेनं दलदलीत. दोन सापडली.

बापानं मारलं नाही. एवढंच म्हणाला, "पकडलं ते सगळ्यांना दिसतं. वळवलं ते कुणाला दिसत नाही. म्हणून कडेला हावरा माणूस उभा करू नये." मग हिवाळाभर आम्ही मटार खाल्ला.

शनिवार, २९ सप्टेंबर

आज चेंडूकडे बघितलंच नाही. वर्डेल ओरडत होती, "ऑरलीन, तिकडं बघ, तिकडं!" मी फक्त एक्क्याण्णव नंबर बघत बसले.

चेंडू सुटला की जेरेल दोन पावलं आत जातो. दरवेळी. सगळा घोळका आत, जिथं पाडायला माणूस मिळेल तिथं. त्याच्या मागं उभा असतो तो पोरगाही आत. मग धावणारा बाहेर नजर टाकतो तर काय, तिथं ईश्वराचं मोकळं गवत.

जेरेल अॅन्सेलसारखा झेप घेतो. गांधीलमाशीसाठी.

हरलोच. १७०.

गुरुवार, ४ ऑक्टोबर

चर्चच्या हॉलमध्ये कोचचं जेवण होतं. गावातले पुरुष येतात, डुकराच्या बरगड्या खातात, कोच भाषण देतो, आम्ही बायका वाढतो. तो ताट घेऊन माझ्यापुढं आला तेव्हा मी पळी खाली ठेवली नाही.

"कोच, ती गांधीलमाश्यांची चित्रं काढून टाका."

"काय मॅडम?"

"कडेच्या पोराचं काम वळवायचं. तुम्ही चित्र देता पाडणाऱ्याला. मग कडेला राहील कोण?"

तो हसला. वाईट माणूस नाही, दात चांगले आहेत. "मॅडम, पोरं त्या चित्रांसाठी जीव टाकतात."

"तेच तर सांगतेय. जीव आत टाकतात."

"तुमच्या कोबीच्या सॅलडला तोड नाही," म्हणाला आणि पुढं सरकला. मग परत वळून हळूच, "तुम्ही एक्क्याण्णवच्या आजी ना? त्याला सांगा, स्कॉलरशिप दरवर्षी नव्यानं बघतो आम्ही. आकड्यांवर."

सॅलड वर्डेलनं केलं होतं.

रविवार, ७ ऑक्टोबर

जेवण झाल्यावर जेरेलला सगळं सांगितलं. अॅन्सेल, ओढा, अकरा डुकरं. टेबलावर मिठाच्या बाटल्या मांडून दाखवलं. त्यानं सगळं ऐकलं. मग म्हणाला, "आजी, मला माहीत आहे. सरावात पहिल्या दिवसापासून सांगतात, बाहेर राहा. मग शनिवारी रात्री कागद येतो. कोणी किती पाडले. बाहेर राहणाऱ्याचं नाव त्या कागदावर नसतंच. कागदावर नाव नाही तर पुढच्या वर्षी कॉलेज नाही."

"मग काय सगळ्या गावानं तुझ्या बगलेतून जायचं?"

त्यानं मिठाची एक बाटली उचलून कडेला सरकवली. "तू तरी कधी विचारलंस का, जेरेल, आज किती वळवलेस? मी आठ वर्षांचा होतो. गाडीत बसायच्या आधी विचारायचीस, किती पाडलेस. एकदा एकही नव्हता. त्या रविवारी तू करंज्या केल्या नाहीस."

मी म्हटलं, त्या दिवशी पीच संपले असतील.

तो म्हणाला, "फळीवर सहा बरण्या होत्या. मी मोजल्या होत्या."

सोमवार, ८ ऑक्टोबर

१८४. बरण्या होत्या.

रविवार, १४ ऑक्टोबर

काल सामना नव्हता. आज जेरेल आला. मी ताट वाढलं आणि म्हटलं, "आजपासून रिवाज बदलला. जितके वळवशील तितक्या. पाडलेल्याची एकही मिळणार नाही."

"मोजणार कोण?"

"मी. माझे डोळे काय विकलेत?"

"आणि स्कॉलरशिप?"

म्हातारीनं खोटं बोलू नये, तिला लक्षात ठेवता येत नाही. म्हटलं, "जे बरोबर आहे ते कर. बाकीचं मला ठाऊक नाही."

त्यानं मान डोलावली. मला वाटलं, जिंकले.

शनिवार, २० ऑक्टोबर

बाहेर राहिला! साठ मिनिटं. मी एकही क्षण डोळा हलवला नाही. ते नऊ वेळा त्याच्या बाजूनं आले. नऊ. आणि नऊच्या नऊ वेळा तो हात पसरून तिथंच, खांबासारखा, आणि धावणाऱ्याला आत वळावं लागलं, आणि आत आमची चार पोरं तोंड वासून तयार. त्या चौघांच्या हेल्मेटवर आज जागा उरली नसेल.

मग त्यांनी आमची उजवी कड बघितली. तिथला पोरगा अजून झेप घेतो. दोनदा तिकडून गेले. २४–२१. हरलो.

शेवटी ध्वनिक्षेपकावर आकडे वाचले. एक्क्याण्णव, शून्य. पुरुष हसले. वर्डेल म्हणाली, "आज तर झोपलाच होता गं." मी तिला काही बोलले नाही. साठ वर्षांत पहिल्यांदा. तीच घाबरली.

मंगळवार, २३ ऑक्टोबर

काल कोचनं त्याला बाकावर बसवलं. "शून्याला मैदानात जागा नाही." जेरेलनं फोनवर एवढं एकच वाक्य सांगितलं. मी म्हटलं, मी येते, मी बोलते त्याच्याशी. "नको आजी. तू बोललीस तेवढं बास."

नऊ करंज्या रविवारी तळल्या होत्या. आलाच नाही. चर्चमध्ये वाटून टाकल्या. १८८.

शनिवार, २७ ऑक्टोबर

त्याच्या जागी नवा पोरगा, पहिल्या वर्षाचा. पाच पाडले त्यानं. आणि त्याच्या कडेनं दोघे शेवटच्या रेषेपार गेले. रेडिओवाला घसा बसेपर्यंत त्याचं कौतुक करत होता. पाच गांधीलमाश्या.

जेरेल बाकावर. हेल्मेट मांडीत. त्यावरचं एक चित्र नखानं खरवडत होता.

माझंच हे काम. बारा वर्षं त्याला हावरा केला मी, आणि ज्या दिवशी शहाणा केला त्याच दिवशी बुडवला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

रविवार, ४ नोव्हेंबर

आला नाही. मी दोन ताटं मांडली, एक उचलून ठेवलं. वर्डेल डबा घेऊन आली, सॅलडचा. "खा. रागावलीस माझ्यावर?" म्हटलं नाही. तिनं हात धरला तर मी सोडवून घेतला. रडायचं असेल तर ते माझं मी करीन.

सोमवार, १२ नोव्हेंबर

शनिवारी शेवटचा सामनाही हरले. आज कोचनं एकेकाला बोलावलं. जेरेलची स्कॉलरशिप पुढच्या वर्षी नाही. हवं त्या कॉलेजात जा म्हणून सही केलेला कागद दिला. जसं काही बाहेर रांग लागली आहे.

संध्याकाळी बॅग घेऊन आला, मागच्या खोलीत गेला. दार लावलं. त्याच्या आईला, माझ्या लेकीला लॉरेटाला, मोबील शहरात फोन केला. लॉरेटा म्हणाली, "मग त्याला इकडच्या बंदरावर कामाला पाठव, तिथले लोक माझ्या ओळखीचे आहेत." बंदरावर! वीस वर्षांचा पोरगा, एवढं डोकं.

दाराबाहेर ताट ठेवलं. दोन तासांनी तसंच. आकडा घेतला नाही; नर्सला चालत नसेल तर तिनं हे पान फाडावं.

बुधवार, १४ नोव्हेंबर

पाणी प्यायला येतो, मी असले की दारातच थांबतो, मी उठले की आत येतो. मी दाराशी जाऊन म्हटलं, "चूक माझी होती." दाराला बोलणं सोपं असतं म्हणून पुन्हा म्हटलं. दार उघडलं नाही.

गुरुवार, १५ नोव्हेंबर

सकाळी स्वयंपाकघरातला फोन वाजला. कोणी म्हातारा, आवाज खरखरीत. वीस ऑक्टोबरला आम्हाला ज्यांनी हरवलं त्यांचा कोच. म्हणाला, "एक्क्याण्णव नंबरचं घर हेच ना? कॉलेजनं सोडलंय असं कळलं. जागा देईन की नाही ते आत्ता सांगत नाही, आधी त्याच्याशीच बोलायचंय. पण एक विचारू का? त्याला शिकवलं कोणी? नऊ वेळा आम्ही त्याच्या बाजूनं गेलो, नऊही वेळा हात हलवत परत आलो. माझ्या धावणाऱ्या पोरानं शेवटी तिकडं जायला नकार दिला."

नऊ म्हणाला. मी काही सांगितलं नव्हतं.

म्हटलं, तो झोपलाय. उद्या सकाळी सात वाजता करा.

फळीवर पीचच्या चार बरण्या आहेत, पुरतील. वर्डेलला बजावलंय, उद्या साडेसहा ते आठ माझ्या घरी फोन केलास तर खबरदार. सात वाजता मी नऊ करंज्या तळत असेन, माझे हात तेलाचे असतील. फोन वाजला की जेरेलनंच उचलायचा.