पांढऱ्या पेल्यातला चहा

वूदोंग, फंगह्वांग डोंगर
२६ जून

प्रिय दादा,

ग्वांगझौचा उकाडा सोसवतो का? आई म्हणते, जेवण चुकवू नकोस. इकडे सगळं ठीक.

गावच्या चहा-स्पर्धेचे नियम यंदा मी केले. "घरातली पहिली पदवीधर ना तू, मग ठरव," गावकरी म्हणाले. मी ठरवलं, कुणीही आपापली मातीची किटली आणायची नाही. सगळ्यांचा चहा एकसारख्या पांढऱ्या, चिनी मातीच्या पेल्यात होईल. मुरलेली लाल माती चहाचा दोष पोटात घेते, वर जुना वास उसना देते. चिनी माती काही झाकत नाही.

लान काका भर सभेत म्हणाले, "पोरी, असल्या भांड्यात दवाखान्यात लघवी तपासतात!" सगळे खो खो हसले. एकटे बाबा म्हणाले, "भांडं बरोबर निवडलंय तिनं."

दोनदा लिहायला बसले, दोनदा उठले. चुलीवरचं पाणी उकळून आटलं.

काल बाबांचा स्पर्धेला द्यायचा चहा पांढऱ्या पेल्यात केला. दादा, नुसता कोळसा! पत्ती पार करपलेली. हाच चहा आपल्या किटलीतून मी रोज पीत होते, छान म्हणत होते.

बाबा पेल्याकडे बघेनात, माझ्या तोंडाकडेच बघत राहिले.

"कसा झालाय?"

"तुम्हीच सांगा ना."

"कळलं तुझ्या तोंडावरून." मग हळूच म्हणाले, "हिवाळ्यातल्या तापापासून नाकाला वासच येत नाही गं. भट्टीपाशी अंदाजानं बसतो. आईला सांगू नकोस."

मी म्हटलं, नियम बदलते, आणू दे किटल्या. तर केवढे चिडले! "माझ्यासाठी? मग शिकवलं कशाला तुला?"

परवा स्पर्धा. नियम तोच राहील. परीक्षकांतून मी नाव काढून घेतलंय. लोक हसतील तेव्हा मला बाबांच्या शेजारी बसायचंय.

पण स्पर्धेनंतरही यंदाची अर्धी पत्ती भाजायची उरेल. बाबा म्हणतात, "हात माझे, नाक तुझं." माझं नाक पुस्तकी आहे, दादा. पत्ती कधी परतायची ते तुला अंगणातून नुसत्या वासानं कळायचं. तू भांडून गेलास, ते बोलावणार नाहीत. म्हणून मी बोलावते.

आपल्याकडे माणसं किती का असेनात, पेले तीनच. तू गेल्यापासून आम्हा तिघांना ते बरोबर पुरतात, आणि तेच आईला बघवत नाही. ये. माझा पेला तू घे, मी थांबेन.

पाणी पुन्हा ठेवलंय.

तुझी
शूहे